एक्केचाळीस फ्रेमचा अंधार

भावोजी खुर्चीखाली गेले. भरल्या सभागृहात, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, इस्त्रीच्या कोटासकट गेले. पण असं काही झालंच नाही असं घरात ठरलं आहे, आणि त्या घरात जे ठरतं तेच झालेलं असतं. तेव्हा आपणही ते झालं नाही असं धरून पुढे जाऊ.

धाकटी पडद्यावरच्या दाराची फट कमी करत होती. चित्रीकरणात ते दार हातभर उघडं राहिलं होतं. हातभर उघड्या दारातून फार तर शेजारीण येईल, ‘आहात का घरात’ म्हणत. भीतीला यायचं असेल तर फट दोन बोटांचीच लागते. तिने चौकट आवळत आवळत दोन बोटांवर आणली, मागे रेलून पाहिलं आणि दार आणखी अर्ध्या बोटाने लोटलं.

खोली तिच्या ताईच्या घरातली मागची. पूर्वी तिथे जुन्या गाद्या असायच्या. आता संगणकाचे दोन पडदे, एक टेबल आणि धाकटी. खिडकीला काळं कापड ठोकलेलं होतं, त्यामुळे बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी आत कायम तिन्हीसांजा. भावोजी दिग्दर्शक होते. त्यांच्या पहिल्याच भयपटाचा टीझर, म्हणजे सिनेमा यायच्या आधी लोकांना घाबरवून ठेवायची एका मिनिटाची फिल्म, धाकटी कापत होती.

त्या कामाचे नियम तिला तोंडपाठ होते. भूत दाखवायचं नाही. दाखवलं की त्याचा मेकअप दिसतो. बाईला चौकटीच्या मधोमध उभं करायचं नाही, कडेला ढकलायचं आणि तिच्या खांद्यामागे ऐसपैस रिकामी जागा ठेवायची, म्हणजे प्रेक्षक बाईला सोडून रिकाम्या जागेवर डोळे लावून बसतो. रंग असे उतरवायचे की भिंतींनाही ताप आलाय असं वाटावं. नावाची अक्षरं बारीक आणि एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखी लांब लांब. शेवटी पडदा काळा. मग दचका. मग तारीख.

गोम होती ती त्या काळ्यात. सगळे तिथे चोवीस फ्रेम ठेवायचे, म्हणजे बरोबर एक सेकंद. प्रेक्षकांना तो सेकंद आता पाठ झाला होता. पडदा काळा झाला रे झाला की लोक खुर्चीचा हात घट्ट धरायचे, दचका सोसायचे आणि उरलेलं खाणं संपवायचे.

ताई चहा घेऊन आली तशी धाकटीने तिला स्टुलावर बसवलं.

“तोंड तिकडे कर. पाठ माझ्याकडे.”

“माझ्या पाठीत काय बघायचंय?”

“खांदे. तू फक्त टीझर बघ.”

“पुन्हा? अगं, मला त्या दाराची सवय झाली आता. परवा स्वयंपाकघराचं दार लावताना मीच दोन बोटं उघडं ठेवलं.”

पडदा काळा झाला. ताईचे खांदे वर गेले. धाकटी मोजत होती. चोवीस. तीस. छत्तिसाव्या फ्रेमला ताईला वाटलं, काही येत नाही. एक्केचाळिसाव्या फ्रेमला तिने श्वास सोडला, खांदे उतरले, आणि नेमका तेव्हा पडद्यावरच्या काचेवर आतून तळहात आपटला. ताई स्टुलावरून उठलीच. चहा टेबलावर.

“मेले! लहानपणी अशीच करायचीस. अगदी अशीच!”

करायची खरी. दोघी एका खोलीत वाढल्या होत्या आणि धाकटी दाराआड लपून ‘भॉक’ करण्यात वाकबगार होती. ताई आत आल्या आल्या भॉक केलं तर ती हसायची. उशीर केला तर कंटाळून वेणी घालायला बसायची. या दोन्हींच्या मधे एक बारीकशी जागा होती. ती जागा धाकटीला सहाव्या वर्षी सापडली होती. आता पंचविसाव्या वर्षी तिचं माप कळलं : एक्केचाळीस.

भावोजींनी नावाचा शब्द दिला होता. “या टीझरवर संकलन म्हणून तुझंच नाव, धाकटे. झळकणार तू!” संकलकांच्या संघटनेचं सभासदपत्र मिळायला नाव असलेली तीन कामं लागत. धाकटीकडे दोन होती : धुण्याच्या पावडरीची एक जाहिरात आणि दंतवैद्यांच्या संमेलनाची चित्रफीत. तिसरं नाव लागलं की एखाद्या खऱ्या स्टुडिओत जागा मिळणार होती. नाही लागलं तर गाद्यांची खोली होतीच.

निर्मात्यांनी टीझर पाहिला तेव्हा ते ओरडले, मग ओरडल्याबद्दल खूश झाले आणि म्हणाले, “तो अंधार! तो कुठून आणलात?”

“स्वप्नात दिसला,” भावोजी म्हणाले.

आठवड्याने हेच वाक्य वर्तमानपत्रात आलं. भावोजींनी जेवताना मुलाखत वाचून दाखवली. ‘मी अंधाराला ऐकतो,’ असंही तीत होतं. ताईने मान वर केली नाही. तिने भावोजींना वाढलं, धाकटीला वाढलं, आणि मग धाकटीला पुन्हा वाढलं, ताट भरलेलं असताना.

“आणि नाव?” धाकटीने विचारलं.

“आहे की.” भावोजींनी खिशातून यादी काढली. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं : विशेष आभार, घरची मंडळी.

“हे मी?”

“तू, तुझी ताई, सगळेच आले त्यात. कुणाला वगळलं असं नको व्हायला.”

“संकलन कुणाचं म्हणून लिहिलंय?”

“अगं, निर्मात्यांना एकहाती काम आवडतं. आणि तूच सांग, लोक बोलतायत कशाबद्दल? अंधाराबद्दल. अंधारात तू काय केलंस? दिसतंय का काही?”

धाकटी चिडली की तिचा आवाज चढत नाही. ती आवराआवर करायला लागते. तिने हात धुतले, मागच्या खोलीत जाऊन टेबल पुसलं, तारा गुंडाळल्या, कळफलकाच्या फटींतला भुगा टाचणीने काढला. घरात कधी नव्हे ती एवढी स्वच्छता दिसल्यावर कुणीतरी सावध व्हायला हवं होतं. भावोजी म्हणाले, “वा. बोललं की फरक पडतो.”

शुक्रवारी टीझर पत्रकारांना दाखवायचा होता. त्याची शेवटची प्रत धाकटीनेच बनवायची होती, कारण भावोजींना प्रत बनवता येत नव्हती. तिने दाराला हात लावला नाही. खांद्यामागची रिकामी जागा तशीच राहू दिली. फक्त एक्केचाळिसाव्या फ्रेमनंतरचा तळहात काढला, आणि अंधार ओढला. गालिचा ओढतात तसा, पार भिंतीपर्यंत. पूर्ण दोन मिनिटं. अंधाराखाली वाजणारी बारीक घुंईही काढून टाकली, म्हणजे ऐकायला माणसाला स्वतःशिवाय कुणी उरू नये. आणि दोन मिनिटांच्या शेवटी, जिथे भूत यायचं तिथे, पांढऱ्या बारीक अक्षरांत लिहिलं : संकलन. त्याखाली स्वतःचं नाव.

दोन मिनिटं अंधारात ताटकळलेली माणसं पहिली जी गोष्ट बघतील ती जन्मभर विसरणार नाहीत, असा तिचा हिशेब होता. सगळ्या सभागृहाच्या उरात ते नाव रुतवायचं होतं, आणि भावोजींच्या उरात जरा जास्त खोल.

शुक्रवारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत निर्माते, शेजारी भावोजी, दुसऱ्या रांगेत पत्रकार, सहाव्या रांगेत घरची मंडळी. टीझर सुरू झाला. दार, बाई, रिकामी जागा. पडदा काळा होताच भावोजी उठून पाठमोरे झाले आणि खुर्चीला टेकून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिले. दचका बसतो तेव्हाचे लोकांचे चेहरे त्यांना बघायचे होते.

एक्केचाळीस फ्रेम झाल्या. काही आलं नाही.

पाच सेकंद. कुणाचं तरी घड्याळ ऐकू येऊ लागलं. पंधरा सेकंद. निर्मात्यांनी आवंढा गिळला तो सहाव्या रांगेपर्यंत आला. लोक श्वास सोडायचे, चुकलं असं वाटून पुन्हा धरायचे. धाकटी हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं अर्धं मिनिट ते.

चाळिसाव्या सेकंदाला अंधारातून भावोजींचा आवाज आला. बारीक, थेट घरातला.

“धाकटे… अगं, पुढे काय लावलंयस?”

सगळ्यांनी ऐकलं. अंधार ज्यांच्या स्वप्नात आला होता, त्यांना अंधारात पुढे काय आहे ते ठाऊक नव्हतं. धाकटीने डोळे मिटले. उघडे ठेवून उपयोग नव्हताच, पण मिटले. आता फक्त ऐंशी सेकंद, आणि मग नाव.

शेजारची खुर्ची हलली. ताई उठून उभी राहिली असावी. तिने जरा वेळ घेतला. हसू येईल इतका कमी नाही, कंटाळा येईल इतका जास्त नाही. मग घरी पोळ्या मोजते त्या साध्या आवाजात, पण चांगल्या खणखणीत, ती म्हणाली,

“भॉक.”

सभागृह किंचाळलं. खुर्च्या वाजल्या, काहीतरी जड पडलं. घाबरून दिवेवाल्याने सगळे दिवे लावले आणि टीझर बंद केला. पहिल्या रांगेत भावोजी नव्हते. त्यांचे बूट होते. बाकीचे खुर्चीखाली होते.

निर्माते उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“माणसाचा आवाज! प्रेक्षकांतून! आणि मग तो… तो शब्द! अहो, कसं सुचलं तुम्हाला हे?”

भावोजी बाहेर आले. त्यांनी गुडघे झटकले, कोट सरळ केला आणि घसा खाकरला.

“स्वप्नात,” ते म्हणाले.

 घरी आल्यावर भावोजी सरळ झोपायच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं, दोन बोटांचीही फट न ठेवता. ताई मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली. ती हसत होती.

“बारा वर्षं झाली लग्नाला. त्यांना कधी उलटून बोलले नव्हते मी.”

“आणि पहिल्यांदा बोललीस ते भॉक.”

“तेवढंच सुचलं. तू किती वेळ थांबायचीस ते लक्षात होतं माझ्या.” ती हसायची थांबली. “मी मधेच बोलले का ग? पुढे काही होतं का?”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. खांदे उतरलेले होते, बऱ्याच दिवसांनी.

“काही नाही,” ती म्हणाली. “नुसता अंधार.”

सोमवारी नवी यादी आली. अंधार, आवाज आणि ‘भॉक’ची संकल्पना : भावोजी. खाली विशेष आभार होतेच. सोबत निर्मात्यांची चिठ्ठी होती, की भॉकनंतरचा उरलेला काळा भाग रिकामाच आहे, तेव्हा न बघता कापावा.

धाकटीने टेबल पुसलं, आणि कोरा कागद घेतला.

‘प्रति, मा. सचिव, संकलक संघटना. विषय : अंधार परत मिळणेबाबत. महोदय, वरील टीझरमधील एक्केचाळीस फ्रेमचा अंधार अर्जदाराच्या मालकीचा असून तो वयाच्या सहाव्या वर्षापासून अर्जदाराच्या वापरात आहे. त्यानंतरचा ‘भॉक’ अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचा आहे. तो बहिणीकडेच राहावा, त्यावर अर्जदाराचा दावा नाही. उरलेला ऐंशी सेकंदांचा अंधार रिकामा समजून कापण्यात येणार असल्याचे कळते. त्याच्या अगदी शेवटी अर्जदाराची एक वस्तू राहून गेली आहे. तरी आपल्या कार्यालयाने जबाबदार व्यक्ती पाठवून ती शोधावी व अर्जदारास पोच करावी. शोध चालू असताना कृपया कोणीही दिवे लावू नयेत, ही नम्र विनंती.’