पडद्यावर दिलेली सूचना

ब्लिया मावशी दारात दिसली तशी झुआ हातातले कागद उगाच चाळू लागली. ऐंशीची म्हातारी सँगरच्या शेतावरून कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून भर उन्हात फ्रेस्नोत आली होती. एका हातात फडक्यात बांधलेला रेडिओ, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. चार वाजले होते, आणि पाचच्या सूचना वाचायला रेडिओ स्टेशनात झुआशिवाय कोणी नव्हतं. पळायची सोय नव्हती.

"झुआ, पोरी, जरा बघ गं याच्याकडे," मावशी बाकावर टेकत म्हणाली आणि फडक्याची गाठ सोडू लागली. "बिघडलाय बहुतेक."

"काय होतंय त्याला?"

"होत काही नाही. मेला चांगला बोलतो. पण माझ्या भावाचं तेवढं बोलला नाही."

झुआने रेडिओ हातात घेतला. काटा डाव्या टोकाला, सत्त्याऐंशी पूर्णांक सातवर होता, आणि हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. तिने उगाच बॅटरीचं झाकण उघडलं, बंद केलं. रेडिओत काही बिघाड नाही हे तिला ठाऊक होतं. बिघाड कुठे होता हेही तिलाच ठाऊक होतं.

कागदोपत्री हे स्टेशन म्हणजे छोट्या ताकदीची टीव्हीची सहावी वाहिनी. पूर्वी सहाव्या वाहिनीचा आवाज आपसूक रेडिओच्या डाव्या टोकाला ऐकू यायचा, आणि गावातले सगळे हमोंग, आग्नेय आशियातून अमेरिकेत येऊन वसलेली माणसं, तोच ऐकायचे. पुढे टीव्ही डिजिटल झाला तेव्हा हा आवाज बंदच पडायचा, पण मालक चेर पावने अर्जांवर अर्ज केले आणि डिजिटल चित्रासोबत जुना एफएम आवाज चालू ठेवायची परवानगी मिळवली. अट एकच, चित्र चालू पाहिजे. म्हणून एका डोंगराच्या फोटोवर सूचनांची अक्षरं सरकत राहायची. ते चित्र फ्रेस्नोतल्या एकाही हमोंग घरात कोणी लावत नव्हतं. एक टीव्ही तेवढा स्टेशनच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला होता, तोही तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. "चित्र सरकारला, आवाज आपल्या माणसांना," असं चेर पाव हसून म्हणायचा.

गेल्या महिन्यात न्हिया पाव लोर वारला. त्याच्या मुलाने सूचना आणून दिली. माती कधी, कुठल्या हॉलमध्ये, कोणकोणत्या कुळांनी यायचं, सगळं त्यात होतं. तीन दिवस रोज सकाळी वाचायची होती. झुआने कागद घेतला, पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि सूचना टाइप करून फक्त पडद्यावर सोडली. आवाजात दिली नाही.

कारण काय, तर अकरा वर्षांपूर्वीचं एक वाक्य. झुआच्या लेकीच्या लग्नाच्या बोलणीला हा न्हिया पाव मुलाकडचा मध्यस्थ म्हणून आला होता. भर पंगतीत तो म्हणाला, "पोरगी आईवर गेली असेल तर हिलाही बंद करायचं बटण लागेल." दोन्हीकडची माणसं पोट धरून हसली. ते वाक्य पुढे प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी काढायचं, आणि झुआ दात दाखवून हसायची. आत मात्र जळफळत राहायची.

पहिल्या दिवशी तिला नुसती गंमत वाटली. घे म्हणावं, केलं बटण बंद. उद्या वाचू. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःला समजावलं की बातमी फोनाफोनी होऊन गावभर झालीच आहे, आपल्या वाचण्यावाचून कोणाचं अडलंय? तिसऱ्या दिवशी वाचावं तर पहिले दोन दिवस कुठे होतीस असं कोणी विचारेल, या भीतीने वाचलीच नाही. वहीत तिन्ही दिवस 'प्रसारित' म्हणून खूण केली होती. खोटं नव्हतं ते. पडद्यावरून गेलीच होती ना सूचना.

अडलं होतं ते एकाच माणसाचं. बिनफोनची, शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहणारी, गवती चहा आणि चवळीच्या शेंगा पिकवणारी न्हिया पावची थोरली बहीण.

"भाचा आला होता म्हणे सांगायला," मावशी म्हणाली. "मी भाजी घेऊन बाजारात गेलेले. दाराला कुलूप बघून परत गेला. म्हणाला असेल, आत्या झोपेतसुद्धा रेडिओ ऐकते, कळेल तिला. आणि ऐकतेच की मी. तुझा आवाज आला की चहा ठेवते. एक दिवस चुकवला नाही."

"मग..." झुआने बॅटरीचं झाकण पुन्हा दाबलं.

"मग काय. माती झाल्यावर बाजारात कुणीतरी सांगितलं, तशी धावले. आता भाचा दारात उभं करत नाही. म्हणतो, तीन दिवस रेडिओवर सांगत होते, वहीत नोंद आहे, आत्याला यायचंच नव्हतं." तिने पिशवीतून एक चौकोनी कापड काढलं. निळ्यावर लाल-पांढरं बारीक भरतकाम, गोगलगाईच्या वळणांचं. "हे मातीच्या वेळी त्याच्या डोक्याखाली ठेवायचं होतं. दोन हिवाळे शिवत होते. डोळे जायच्या आत संपवलं. तो गेला तसाच, नुसत्या उशीवर."

झुआने कापडाला हात लावला नाही. लावायची तिची लायकी नव्हती आणि ते तिला चांगलंच कळत होतं.

"माझं एक काम कर," मावशी म्हणाली. "पाचच्या सूचनांमध्ये माझी एक सांग. लिहून घे. मी ब्लिया लोर. भावाच्या मातीला आले नाही. म्हातारपणी डोळा लागला असेल, नाहीतर रेडिओ बिघडला असेल. चूक माझी आहे. भावाने आणि भाच्यांनी पदरात घ्यावी."

"मावशी, हे कशाला..."

"कशाला म्हणजे? मेलेल्याला दुसरं कसं कळवू? आणि मी इथेच बसून रेडिओ कानाला लावते. म्हणजे हा बरा आहे का तेही कळेल."

झुआ आत गेली. काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. मावशीचं सांगणं लिहून घेतलेला कागद तिने समोर ठेवला आणि पडद्यासाठी मात्र वेगळंच टाइप केलं. 'न्हिया पाव लोर यांच्या मातीची सूचना आवाजात दिली गेली नाही. दोष झुआ थावचा.' बटण दाबलं. डोंगरावरून अक्षरं सरकू लागली. चला, सांगून तर टाकलं, असं तिला वाटलं, आणि घडीभर खरंच हलकंही वाटलं.

बाहेर मावशीने मान वर केली. डोळे बारीक करून ती पडद्याकडे बघत राहिली, मग काचेवर टकटक करून हसली. एका अक्षराची ओळख नसलेली ती म्हातारी मोठ्याने म्हणाली, "माझंच आहे ना गं ते? छान दिसतंय."

झुआला स्वतःची किळस आली. तोच डाव, त्याच बाईशी, दुसऱ्यांदा.

पाच वाजले. तिने माइक उघडला. सवयीने हवामान सांगितलं, एका बारशाची सूचना वाचली. मग मावशीचा कागद उचलला. "मी ब्लिया लोर," तिने वाचलं, "भावाच्या मातीला आले नाही." काचेपलीकडे म्हातारी रेडिओ कानाशी धरून प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. पुढचं वाक्य डोळ्यासमोर होतं. चूक माझी आहे. ते मावशीच्या नावावर वाचलं की संपलं, भाचा माफ करेल, वही तशीच राहील, कोणाला काही कळणार नाही.

तिने कागद उलटा ठेवला.

"ब्लिया मावशीला डोळा लागला नव्हता," ती म्हणाली. "तिचा रेडिओही बिघडलेला नाही. न्हिया पावची सूचना मी वाचलीच नाही. तिन्ही दिवस. जिथे कोणी बघत नाही त्या पडद्यावर टाकली आणि वहीत खूण केली. त्याच्यावर माझा जुना राग होता. एका थट्टेचा. मी झुआ थाव बोलतेय. ब्लिया मावशीची काही चूक नाही."

माइक बंद करून ती बाहेर आली. फोन वाजायला लागला होता. तिने घेतला नाही. मावशी रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती.

"म्हणजे चांगला आहे हा," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"मी याला थापडा मारल्या. भाचा तसं बोलल्यापासून रोज." तिने बटण फिरवून रेडिओ बंद केला आणि बाकावर ठेवला. मग कापडाची घडी नीट जुळवून पिशवीत ठेवली आणि भिंतीला धरून उठली. झुआ आधार द्यायला पुढे झाली, तर तिने तो हात बाजूला केला. रागाने नाही, वाटेतली फांदी सारावी तसा.

"भाच्याकडे सोडू का तुला? गाडी आहे माझी."

"जाईन माझी मी."

"रेडिओ राहिला, मावशी."

दारातून ती वळली नाही. "राहू दे," ती म्हणाली. "मला नको आता."