पिवळ्या दिव्यात कोंडलेलं पिशाच्च

कुणाला खरं वाटणार नाही, पण निरवांगीत एका मोटारीनं सात माणसं ढसाढसा रडवलेली मी पाहिली आहेत. गाडी पाच जणांची होती. पण आपल्याकडं गाडीत माणसं मोजायची पद्धत नाही. शेजारी सोमनाथची पोरगी दिशा बसली आहे, हवं तर तिला विचारा.

सोमनाथनं ही जुनी गाडी घेतली ती आईसाठी. रंगूबाईंना दर मंगळवारी नि शुक्रवारी डायलिसिसला बारामतीला न्यावं लागतं. महिनाभर बरं चाललं. मग एका शुक्रवारी पंखा सुरू केला आणि आतली सगळी शिंकायला लागली. डोळ्यांतून धारा! रंगूबाईंना तर धाप लागली.

गावानं निकाल देऊन टाकला, "जुन्या मालकाचा आत्मा हाय आत!"

मग आले शंभूबाबा. गाडीभोवती हीऽ गर्दी. बाबांनी आत बसून डॅशबोर्डवर मोरपिसांचा कुंचा फिरवला आणि डरकाळी फोडली, "बोल! सासवडचा का फलटणचा? पत्ता सांग, न्हायतर कोंडतो!"

पत्ता काही मिळाला नाही, पण टक् आवाज झाला आणि एक पिवळा दिवा पेटला.

"बघा! दिव्यात कोंडलं!"

आणि खरंच, दोन मिनिटांत शिंका थांबल्या. बायकांनी दिव्याला हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर दिवा विझलेला, शिंका हजर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा बाबा म्हणाले, "लई दांडगं हाय. मंगळवारच्या आत गाडी मठात सोडा. कायमची."

"मग आईला न्यायचं कशातनं?" सोमनाथ रडकुंडीला आला.

"मशिनवर न्यायचंच कशाला? मी अंगारा देतो की."

एवढं ऐकलं आणि संघपालची ज्योत्स्ना गर्दीतनं पुढं आली. ती एमआयडीसीत मोटारींच्या वायरिंगचं काम करते. "सोमनाथदादा, गाडीचं पुस्तक कुठं हाय?"

पुस्तक देव्हाऱ्यात होतं. गाडी आणली त्या दिवशी पूजलेलं. प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. तिनं ते फाडलं, पानं चाळली आणि हसली.

"बाबा, बसा आत. काचा बंद करा."

बाबा ऐटीत बसले. तिनं पिवळ्या दिव्याचं बटण दाबून दिवा घालवला, पंखा चारवर टाकला नि बाहेर आली. बाबांनी अकरा शिंका दिल्या. बाराव्या शिंकेला कुंचा हातातून उडाला.

"पिशाच्चाला थांबवा की, बाबा!"

"बटन... आगं, ते बटन दाब, बये!"

गर्दीत असा हशा पिकला की शेळ्या दावं तोडून पळाल्या.

"ह्यांना ठावं हाय की बटन!" ज्योत्स्ना म्हणाली. "दिवा पेटला की बाहेरची हवा बंद, आतलीच फिरती. ह्या गाडीत इंजिन बंद करून परत सुरू केलं की ते आपोआप सुटतं. पुस्तकात लिवलंय. बाबा कुंच्याखालनं तेच दाबत व्हते. आता बाहेरच्या हवेत काय हाय ते बघू."

तिनं बॉनेट उघडलं, वायपरखालच्या फटीत हात घातला आणि ओंजळभर वाळक्या मिरच्या काढल्या. चुरा पंख्यातून थेट नाकात! हवा गाळणारी मधली जाळी जुन्या मालकानं कधीच काढून टाकलेली.

कुण्या मूर्खानं दृष्ट लागू नये म्हणून कोंबल्या होत्या. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, भूतबित काही नसतं! मंगळवारी रंगूबाई गारेगार हवेत बारामतीला गेल्या.

तेव्हा बाबांनो, एवढं ऐका. दिवा कसला आहे ते कळत नसेल तर पुस्तक उघडा, नाहीतर जाणत्याला विचारा. पूजलेलं पुस्तक मुकं असतं, वाचलेलं बोलतं. आणि आजाऱ्याचा इलाज अंगाऱ्यावर सोडू नका.

"व्हय, दत्तोबाआजा," दिशा मोठ्यानं म्हणाली, "आन् बंपरच्या मिरच्या शेळी खाती म्हणून त्या फटीत कोंबल्या कुणी? बाबाला फटफटीवर बसवून आणलं कुणी? गाडीतला सातवा माणूस तुमीच की! सगळ्यात मोठ्यानं रडत व्हता!"