डावखुऱ्याचा हातमोजा

माझ्या तळव्यावर एक काळसर, गुळगुळीत वर्तुळ आहे. व्यास अंदाजे चार सेंटिमीटर. अकरा वर्षं चेंडू पुन्हा पुन्हा तिथंच आदळला, म्हणून ते पडलं.

मित्रांनो, मी एक जुना बेसबॉलचा हातमोजा आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मला घोड्याच्या कातड्यापासून शिवलं. मी आजच्या मोज्यांसारखा फुगीर नाही. आणि मी उजव्या हातात बसतो, कारण माझा मालक एल्मर डाव्या हातानं चेंडू फेकायचा.

एल्मर व्यावसायिक खेळाडू होता. मैदानाच्या पार टोकाला उभं राहायचं आणि उंच उडालेला चेंडू झेलायचा, हे आमचं काम. संघ फलंदाजीला गेला, की मोजे मैदानातच टाकून जायची तेव्हा पद्धत होती. विरोधी खेळाडू माझ्यावरून धावत. कुणी तुडवलं, तरी पुढच्या झेलाला मी तयार असे.

सातव्या वर्षी झेल घेताना एल्मर लाकडी कुंपणावर आदळला. खांदा निखळला, चेंडू मात्र माझ्यातच होता. संघानं त्याला काढून टाकलं. तो घरी बसला नाही. छोट्या गावांच्या संघांतून आणखी चार वर्षं खेळला.

त्याचा पणतू कार्ल सौदीत, रास अल खैरच्या प्रकल्पात इंजिनिअर होता. मायदेशी परतताना त्यानं मला नाशिकच्या रत्नाकर या सहकाऱ्याला दिलं आणि सांगितलं, "सांभाळा." रत्नाकरनी मला प्रकल्पाच्या कॉलनीतल्या त्यांच्या घरी थेट देव्हाऱ्याशेजारी ठेवलं.

"अहो, चामडं देवाजवळ?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनी म्हणाल्या. मग माझी रवानगी काचेच्या कपाटात, हळदीकुंकवाला मिळालेल्या वाट्यांशेजारी झाली.

त्यांची अकरा वर्षांची इरा डावखुरी आहे. कॉलनीच्या बेसबॉल संघातले सगळे मोजे उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे.

"तू बस पानी पिला सबको," संघातला सत्यजित चिडवायचा.

"बाबा, तो ग्लव्ह द्या ना. जस्ट वन मॅच!"

"बघू."

दोन वर्षं नुसतं "बघू".

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. तेल लावा, उसवलं तर शिवा. पण कोंडून ठेवण्याला जपणं म्हणू नका. एसीच्या कोरड्या हवेत माझं चामडं जेवढं तडकलं, तेवढं कुंपणावर आदळूनही तडकलं नव्हतं. मी शोभेची वस्तू नाही. मला फाटायचंच असेल, तर झेल घेताना फाटेन.

गेल्या शुक्रवारी अंतिम सामना होता. आदल्या सरावात इरानं उघड्या हातानं झेल घेतला होता. बोट सुजलं होतं. प्रमोदिनी त्यावर पट्टी बांधत होत्या.

"आज खेळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मी जाणार. ग्लव्ह नसला तरी." इरानं बूट चढवले.

रत्नाकर तिच्या बोटाकडे पाहत राहिले. मग उठले. कपाटाचं दार करकरलं. माझ्यावरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"थांब, इरा. हा घालून जा. फाटला तर फाटला."