पहिल्या खेकड्याची शीर

दोर खालून आला आणि डेन्झिलने तो न बघताच झेलला.

“अरे, बघत तरी जा की!” खाली बोटीतून हेडली ओरडला. “एखाद्या दिवशी तोंडावर बसेल, मग तुझी बायको मला धरेल.”

“तोंडाचं काय राहिलंय आता? दात तर कधीच गेले,” म्हणत डेन्झिलने दोर खुंटाला दोन वेढे देऊन आवळला आणि आपली लाकडी शिडी हळूच खाली सोडली.

ही शिडी त्याने स्वतः केलेली. पोर्थकेलिनच्या धक्क्याला तशी लोखंडी शिडी आहे, पण तिच्या मधल्या दोन पायऱ्या समुद्राने खाल्ल्या. कौन्सिलकडे तक्रार केली की पैसे नाहीत असं उत्तर येतं, आणि ते इतक्या नम्रपणे येतं की भांडायचीही सोय राहत नाही. हेडलीचा एक गुडघा कामातून गेलेला. मुलगा शहरात निघून गेल्यापासून बोटीवर तो एकटाच. तेव्हा त्याने दोर फेकायचा, डेन्झिलने झेलायचा आणि शिडी सोडायची, असं दोघांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. एकाच बाकावर शाळेत बसलेली पोरं ही. त्यात आभार वगैरे मानायची पद्धत नव्हती.

खेकड्यांच्या पेट्या वर आल्या. डेन्झिलने स्टुलावर बसून पहिला खेकडा उचलला, चांगला ताटाएवढा, आणि सुरी काढली. तेवढ्यात हेडलीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब. आधी मला सांग, गाडी अडकलीय म्हणे बंदरावर?”

 डेन्झिल सुरी तशीच धरून राहिला.

त्या सुरीचं सांगायला हवं. पोर्थकेलिनचा खेकडा जिवंतच फ्रान्सला आणि स्पेनला जायचा. खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकत्र ठेवले की हे प्राणी एकमेकांच्या जिवावर उठतात. म्हणून दोन्ही नांग्यांच्या सांध्यात सुरीचं टोक घालून शीर कापायची. मग नांगी नुसती लटकते, मिटत नाही. असा खेकडा टाकीत गरीब गाईसारखा पडून राहतो. पण तो परत समुद्रात सोडला तर ना त्याला शिंपला फोडता येत, ना अंगावर आलेल्याला हाकलता येत. म्हणून इथे रीत पडली होती. माल घेणाऱ्याने पहिल्या खेकड्याची शीर कापली की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. त्यानंतर भाव पडो, गाडी उलटो, माल घेणाऱ्याचा आणि पैसे मासेमाराचे. ही रीत कुणी मोडल्याचं गावाला आठवत नव्हतं.

“डॉक्टरची सही लागते आता,” डेन्झिल शेवटी म्हणाला. “जनावरांच्या डॉक्टरची. खेकडा निरोगी आहे म्हणून. युरोपीय संघातून बाहेर पडलो ना आपण.”

“खेकड्याला डॉक्टर? मला दाताचा डॉक्टर मिळेना वर्ष झालं!” हेडली हसला, पण हसू लगेच विरलं. “डेन, खरं सांग. घोळ असेल तर कापू नकोस. मी आत्ता जाऊन सगळे पाण्यात सोडतो. जगतील बिचारे, उन्हाळ्यात परत धरीन. पण तू कापलेस आणि पैसे आले नाहीत, तर ही बोट माझी राहत नाही. बँक टपूनच बसलीय.”

“थांब, मालकांना विचारतो,” म्हणून डेन्झिल शेडच्या आडोशाला गेला.

मालक म्हणजे ह्यूगो कारवेल, ज्याच्या कंपनीसाठी डेन्झिल धक्क्यावर माल घ्यायचा. त्याच्या बापाने हातगाडीवर खेकडे विकून धंदा उभा केला, आणि बाप कसाही असला तरी बंदरातच मेला. ह्यूगोचं तसं नव्हतं. तो मोनॅकोत राहायचा आणि कंपनी जर्सीत ठेवायचा. जर्सी म्हटलं की आपल्याला गाय आठवते. पैसेवाल्यांनाही त्या बेटावर दूधच दिसतं, फक्त ते कर म्हणून सरकारच्या भांड्यात पडत नाही. पण गावात आला की अंगात बापाचा जुना स्वेटर, पबमध्ये सगळ्यांना बिअर, आणि तोंडात “आपण समुद्राची माणसं”!

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावर मतदान होतं, त्या उन्हाळ्यात ह्यूगो मासळीच्या पेटीवर उभा राहिला होता. बोटीबोटीवर त्याने पताका लावल्या. “समुद्र आपला, मासा आपला, कायदा आपला!” अख्खा धक्का टाळ्यांनी दणाणला. डेन्झिलने आणि हेडलीने खांद्याला खांदा लावून बाहेर पडायला मत दिलं. डेन्झिलच्या बायकोने, लव्हडेने, तेवढं विचारलं होतं, “पण आपल्या गावात खेकडा खातं कोण?” सगळे तिला हसले होते. डेन्झिलही हसला होता.

त्याच वर्षी नाताळच्या जेवणात, पुडिंग आणि कॉफीच्या मध्ये, ह्यूगोने डेन्झिलच्या गळ्यात हात टाकून त्याला इथल्या कंपनीचा डायरेक्टर करून टाकलं. शेडच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत नाव लागलं: डी. ट्रेम्बाथ, डायरेक्टर. घरी येऊन डेन्झिलने टोपी काढायच्या आधी ही बातमी सांगितली.

“पगार वाढला?” लव्हडेने विचारलं.

“पगार नाही गं. मान वाढला.”

“मग आता तो पावाला लावून खा,” ती म्हणाली. पण रविवारी चर्चला जाताना मुद्दाम धक्क्यावरून गेली आणि त्या पाटीसमोर दोन मिनिटं थांबली. बायकोच ती!

फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे कुठेतरी कपबशा वाजत होत्या.

“डेन्झिल, मित्रा! थंडी काय म्हणतेय?”

“मालक, गाडी अडकलीय. हेडली माल घेऊन आलाय, बाकीच्या बोटीही येतायत. घेऊ का थांबू?”

“घे. सगळं घे. चार दिवसांची गडबड आहे, होईल सुरळीत. टाक्या भरून ठेव. आणि हे बघ, मला कशाला विचारतोस? डायरेक्टर तू आहेस. तुझा शब्द म्हणजे कंपनीचा शब्द.”

काय सांगावं, त्या शेवटच्या वाक्याने डेन्झिलची छाती फुगली. तो ताठ मानेने परत आला, स्टुलावर बसला आणि हेडलीच्या डोळ्यांत बघत त्याने पहिल्या खेकड्याची शीर कापली.

“झालं तर मग,” हेडली सुटल्यासारखा म्हणाला. “तू म्हणतोस तर प्रश्नच मिटला.” आणि त्याने आपल्या डब्यातली मांस-बटाटा भरलेली पेस्टी मोडून अर्धी डेन्झिलला दिली.

गाडी परत आली ती समुद्र न ओलांडताच. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा जो वास आला, त्याने ड्रायव्हर बाजूला जाऊन ओकला. मेलेले खेकडे डेन्झिलने फावड्याने काढले. पुढची गाडी गेली, तीही तशीच आली. तिसरी पलीकडे पोहोचली, पण तिथल्या व्यापाऱ्याने अर्ध्या भावात मागितली. इकडे बोटी माल आणतच होत्या, कारण डेन्झिल शीर कापत होता. ह्यूगो फोनवर “घेत राहा” म्हणायचा. मग तो मीटिंगमध्ये असायला लागला. मग फोन नुसता वाजायला लागला.

ड्रायव्हरनेच शेवटी तोंड उघडलं. “डेन्झिलदादा, रागावू नका. पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर कारवेलचं नवं शेड उभं राहिलंय. टाक्या चालू आहेत, तिथल्याच बोटींचा माल घेतायत. आज नाही, उन्हाळ्यापासूनच.”

“उन्हाळ्यापासून?”

“आणि साहेबांनी तर आयरिश पासपोर्ट काढलाय म्हणे. आजी आयरिश होती त्यांची. म्हणजे ते युरोपातलेच राहिले.”

डेन्झिलने त्या आजीला पाहिलं होतं. ती आयुष्यभर त्याच धक्क्यावर मासळी साफ करत होती. कुठली होती हे कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग एक बाई आली. बुडणाऱ्या कंपन्यांचं आवरायला जी माणसं येतात, त्यांतली. नवे कोरे गमबूट घातलेली, बोलायला मऊ. तिने शेडभर नजर फिरवली.

“हे शेड कंपनीचं नाही, मिस्टर ट्रेम्बाथ. जर्सीच्या कंपनीचं आहे. तुम्ही भाडं देत होता.”

“आणि गाड्या?”

“त्याही तिच्याच. आणि कारवेल हे नावसुद्धा. ते वापरायचे पैसे इथून दरवर्षी जर्सीला जात होते. म्हणून इथली कंपनी कायम तोट्यात. तोट्यावर कर नसतो.”

डेन्झिल खाली बसला. कंपनी तोट्यात आहे, यंदा पगारवाढ मागू नका, हे टाक्यांवरच्या बायकांना दरवर्षी त्यानेच सांगितलं होतं. आणि मनापासून सांगितलं होतं. पगारवाढ त्यानेही कधी मागितली नव्हती.

“मग कंपनीचं आहे काय?”

“टाकीतला माल,” बाई म्हणाली. “आणि मासेमारांची देणी. ती फिटायची नाहीत आता.” मग त्याचा चेहरा बघून तिने घाईघाईने जोडलं, “तुम्ही घाबरू नका हं. तुमच्या घरावर कुणी येणार नाही. मी सगळं तपासलंय. कायद्याने तुम्ही स्वतः कुणाचं एका पेनीचंही देणं लागत नाही.”

“पण शीर मी कापलीय,” डेन्झिल म्हणाला.

बाईला ते कळलं नाही. तिने मान हलवली आणि मीटरचा आकडा बघायला गेली. संध्याकाळी टाक्यांचे पंप बंद होणार होते.

तो तिथून थेट हेडलीच्या घरी गेला. हेडलीने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. चाळीस वर्षांत डेन्झिलला त्या दारात कधी थांबावं लागलं नव्हतं.

“मला फसवलं रे त्याने,” डेन्झिल म्हणाला. “देवाशपथ, मला काही माहीत नव्हतं.”

“माहीत आहे मला.”

“घर विकतो मी, हेडली. लव्हडेशी बोलतो.”

“आणि राहाल कुठे? टाकीत?” हेडलीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “तू एकटा घर विकून किती बोटींचे पैसे देशील? नको. पण एक ऐक. ह्यूगो कसा आहे हे मला ठाऊक होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तुला सोडून. मी त्याला माल दिलाच नाही कधी. मी तुला दिला. मी म्हणत होतो, नको कापू. तू माझ्याकडे बघून कापलीस.”

दार लागलं. हळूच लागलं.

पंप थांबले तसं टाक्यांतलं पाणी निवांत झालं. डेन्झिलने गावात फिरून सांगितलं होतं, खेकडे फुकट घेऊन जा. दोन-चार म्हातारे आले. मासेमारांपैकी कुणी आलं नाही. आपला विकलेला माल भीक म्हणून परत कोण नेईल? निम्मी घरं तर लंडनवाल्यांची, सुट्टीपुरती उघडणारी. उरलेले खेकडे अंधार पडायच्या आत डेन्झिल आणि लव्हडेने पेटी पेटी उचलून धक्क्यावरून पाण्यात ओतले. जगणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. पण साचलेल्या पाण्यात तडफडताना बघवत नव्हते.

सकाळी ओहोटीत ते सगळ्यांना दिसले. गुडघाभर पाण्यात, चिखलावर, शेकड्यांनी. कुठे गेलेच नव्हते. नांग्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या आणि सीगल पक्षी एकेकाला सावकाश उलटं करून खात होते. एकही खेकडा नांगी उगारत नव्हता. डेन्झिल बघत उभा राहिला. लव्हडेने त्याचा हात धरला, “चल घरी” म्हणाली. टोचून बोलायची तिची सवय, पण त्या दिवशी तिने एक शब्द वाकडा काढला नाही. त्यामुळेच त्याला जास्त रडू आलं.

हेडलीची बोट विकली गेल्याचं पबमध्ये कळलं. घेणारा दुसऱ्या दिवशी नेणार होता. हेडली खेकड्यांचे शेवटचे पिंजरे काढायला एकटाच गेला होता.

डेन्झिल दुपारपासून धक्क्यावर होता. शेडला सील लागलं होतं आणि दारावरचं नाव कुणीतरी काळ्या रंगाने पुसलं होतं. लाकडी शिडी मात्र त्याची स्वतःची, ती त्याने खांद्यावरून आणली. बोट वळसा घेऊन आत आली तशी त्याने शिडी खाली सोडली, खुंटाजवळ उभा राहिला आणि हात वर केला.

हेडलीने वर पाहिलं. डेन्झिलला त्याची टोपी दिसली, मग चेहरा. दोर त्याच्या हातातच होता. त्याने तो गुंडाळून खांद्यावर घेतला, बोट लोखंडी शिडीला लावली आणि चढायला लागला.

तुटलेल्या पायऱ्यांपाशी तो अडला. चांगला पाय वर टाकला, दुखरा खालीच राहिला. त्याने दात आवळून तो हाताने उचलून घेतला. डेन्झिल वाकला, हात पुढे केला. हेडलीने हात धक्क्याच्या दगडावर रोवला आणि स्वतःला वर ओढलं.

मग त्याने दोर खुंटाला दोन वेढे देऊन आवळला, अगदी डेन्झिलच्या बुटांशेजारी. उठताना गुडघा धरून क्षणभर थांबला.

“नमस्कार, मिस्टर ट्रेम्बाथ,” तो अदबीने म्हणाला, आणि लंगडत घराकडे गेला.

 डेन्झिलने शिडी वर ओढून घेतली. ती कोरडीच होती.