टपोरं अंडं

धाकट्या सुनेने परडीतलं सगळ्यात टपोरं अंडं उचललं आणि उबवणीच्या मशीनकडे हात नेला, तशी सासूबाई मान न वळवताच म्हणाल्या,

"ते नको."

तीन दिवसांत त्या तिच्याशी बोलल्या ते एवढंच. धाकट्या मुलाने वेगळं राहायला पुढच्या गल्लीत खोली पाहिली होती आणि घरमालकाला आज संध्याकाळी कळवायचं होतं. मोठ्या सुनेशी भांडण असं काही नव्हतंच. एका ओट्यापुढे दोघींची कोपरं एकमेकींना लागत, दोघींचीही तोंडं उतरत. पण आई मनापासून हो म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असं धाकटीनेच नवऱ्याला बजावलं होतं. आणि सासूबाईंनी तोंडाला कुलूप घातलं होतं.

"का नको, आई? चांगलं भरलंय की. पिल्लू कसं गुटगुटीत निघेल!"

"थोराडावर भाळू नये. बारक्या अंड्यातलं पिल्लू किडमिडं निघतं, आणि फार मोठी तर पुष्कळदा उबतच नाहीत. मधलं घ्यावं. मुठीत नीट बसेल असं."

"म्हणजे माझ्यासारखं. ना धड मोठं, ना धड बारकं."

सासूबाईंना हसू आलं. ते त्यांनी ओठांतच दाबलं. अंडं तिच्या हातून घेऊन दिव्यापुढे धरलं. कवच आतून उजळलं, पहाटेच्या आभाळासारखं. आत दोन सावल्या होत्या, एकमेकींना बिलगलेल्या.

"अगंबाई, जुळं! मग दोघंही येतील की बाहेर."

"कुठली येतात! बाहेरून मोठं दिसतं एवढंच. आत वळायला जागा नाही, हवा एकापुरती. एकमेकांचं वाईट नसतं गं करायचं त्यांना, पण दोघंही आतल्या आत..."

मशीन आपल्या नादात घुमत होतं. स्वयंपाकघरात मोठीने पातेलं जरा जोरातच आदळलं. धाकटीने मान खाली घातली.

सासूबाई कितीतरी वेळ ते अंडं उजेडात धरून बसल्या. मग खायच्या अंड्यांच्या टोपलीत त्यांनी ते अलगद ठेवलं, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं.

"त्या खोलीला खिडकी आहे का?"

धाकटी गडबडली. "आहे ना. दोन आहेत. एकीतून आपलं दार दिसतं."

"ती उघडी ठेवत जा."

त्यांनी परडीतलं पुढचं अंडं घेतलं, मुठीत तोललं आणि तिच्या हातावर ठेवलं.

"चल, आवर भराभर. घरमालक वाट बघत असेल."