गणूच्या नावाचं पाणी

लहानीने बाटली पिशवीतून काढली आणि विंचू उचलावा तशी दोन बोटांत धरून चुलीपासून लांब नेऊन ठेवली. आज पितरांचा दिवस. भाचीने आणलेल्या पिशवीत वाटाणे असतील म्हणून तिने हात घातला होता.

"ही कुनाची?"

भाची दामिनी दारात ओले केस पुसत उभी होती. कालच्या टोकावड्याच्या एस.टी.ने ती पाड्यावर आली, तेव्हापासून हे कसं सांगावं याचाच विचार करत होती. आता तिने एका दमात सांगून टाकलं. कल्याणला आपण हॉटेलात आहोत म्हणून सांगितलं ते खोटं होतं. नोकरी परदेशी दारू आणणाऱ्या कंपनीत आहे, आणि काम आहे ती चाखून कशी आहे ते सांगायचं. आता कायम करतायत, उद्या होकार द्यायचाय. ही बाटलीही उद्याच्याच कामाची.

"तू नको म्हनलीस तर नाय जायची, आते," ती म्हणाली.

उडदाचं वाटण झालेलं होतं, लहानी वडे थापायला बसली.

या बाईबद्दल एवढं सांगायलाच हवं, की एके काळी तिच्या हातच्या मोहाच्या दारूला आसपासच्या पाड्यांत तोड नव्हती. नवरा गेल्यावर ती भावाकडे, गणूकडे, परत आली ती हे कसब घेऊन. लग्न कुणाचंही असो, दारू गाळायचं मडकं लहानीनेच लावायचं. पहिली धार ती चुलीत शिंपडायची आणि अस्सल दारूची निळी ज्वाळ उठली, की मांडवात बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे उजळायचे. पण घरात दारू आणि गणूला आवर नाही. आधी तो बहिणीची प्यायचा, मग हमरस्त्यावरची, मग मिळेल ती. बायको बाळंतपणात गेलेली, पोर दामिनी चार वर्षांची, आणि गणू एका सकाळी उठलाच नाही. तेराव्या दिवशी लहानीने मडकं दगडावर आपटलं, आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम धरलं, आणि शेकडो पोरांच्या भाकऱ्या थापत ही एक पोर शिकवली. याचा तिने कधी गवगवा केला नाही.

एक गोष्ट मात्र तिने हट्टाने पाळली. पितरांच्या दिवशी पानावर वाढून झालं, की पाड्यात ज्याच्या त्याच्या नावाने दारूचे थेंब जमिनीवर सोडतात. लहानी गणूच्या नावाने पाणी सोडायची. लोक म्हणायचे, भावाला पितरांतही तहानलेला ठेवतेस. ती म्हणायची, ऱ्हाऊ दे तहानलेला.

वडे तळून झाले. लहानीने हात धुतले आणि दामिनीसमोर येऊन बसली.

"दाव मला. काय करतेस त्या कामात, बघू दे."

दामिनीने पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता असा काचेचा पेला काढला, त्यात दोन बोटं ओतली आणि दाराच्या उजेडात धरली. जुन्या मधाचा रंग, पण कडेला लालसर झाक.

"अमेरिकेतली हाय. मक्याची. आतनं जाळलेल्या नव्या लाकडी पिंपात वरसानुवरसं ठेवतात. मंग शेवटचे थोडे म्हयने वाइनच्या रिकाम्या पिंपात."

"दुसऱ्या पिंपात कशाला?"

"पयल्यात ती तयार होते. दुसऱ्यात अजून चव घेते."

"नि पयल्याची चव जाते?"

"नाय गो. ऱ्हाते. दोनी लागतात."

लहानीने पोरीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दामिनीने तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला, पेला फिरवला, पुन्हा घेतला. वास खुलावा म्हणून माठातल्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि पेला आत्यापुढे धरला. लहानीचं नाक इतक्या वर्षांनीही आपलं काम विसरलं नव्हतं. काकवी, ती म्हणाली. मग थांबून, करवंद. दामिनी हसली. तिला वासात काकवी आणि भाजलेला मका लागला होता, आणि सर्वांत मागे सुकलेलं जांभूळ.

मग तिने घोट घेतला. डोळे मिटले, घोट जिभेवर फिरवला, गालात धरला. लहानीच्या हाताची मूठ आपोआप वळली. गणूचेही डोळे असेच मिटायचे. आणि दामिनीने शेजारचं घंगाळ ओढलं व सगळा घोट त्यात थुकला.

"वंगाळ हाय?" लहानीने घाबरून विचारलं.

"नाय, लय चांगली हाय. लाकडाची चव जरा पुढं येते, पन तुरटपना छान हाय, नि चव तोंडात ऱ्हाते. धापैकी आठ देईन मी."

"मंग थुकलीस कशाला?"

"कामच तसं हाय. गिळायची नाय. दिवसाला धा चाखायच्या, नि शुद्धीत घरी जायचं."

लहानी घंगाळाकडे बघत राहिली. चांगली दारू तोंडात आलेली आणि गिळली नाही, असं माणूस तिने या घरात पाहिलं नव्हतं. स्वतःलाही तिने मडकं फोडूनच आवरलं होतं. ही गणूची पोर भरल्या बाटलीसमोर बसते आणि कोरडी उठते. लहानीचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि तिने तो लपवलाही नाही.

"जा उद्या," ती म्हणाली. "सांग त्यांना येते म्हनून."

मग ती उठली. केळीच्या पानावर भात, वडे, भाजी वाढून झाली. शेजारी नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या भरलेला होता. तिने तो उचलला आणि बाजूला ठेवला. दामिनीचा पेला घेऊन त्यात तीन बोटं बुडवली.

"गनू, तुझ्या पोरीची हाय. ती घेते तशी घे. चाख, नि थुकून टाक."

थेंब सारवलेल्या जमिनीवर पडले, क्षणभर चमकले, आणि जमिनीने पिऊन टाकले.

"नायच ऐकला," लहानी म्हणाली. पदराने डोळे पुसून तिने दामिनीचं पान मांडलं.