भर समुद्रातली एकादशी

पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो मासा गळाला लागला, आणि नेमका तेव्हाच उमेश धास्तावला. माशामुळे नव्हे. सासऱ्यांनी तिसऱ्यांदा नारळपाणी नाकारलं होतं.

केशवापुरातल्या उमेशला ट्यूना माशाचं वेड होतं. हुबळीत समुद्र नाही ही त्याच्या दृष्टीने किरकोळ अडचण. गच्चीवर रॉड घेऊन तो गळ फेकायचा सराव करी आणि खालून शेजारी विचारत, "लागली का हो एखादी घार?" वर्षातून दोनदा कारवारला जाऊन तो पुंडलिक नाखव्याची बोट ठरवी, खोल समुद्रात जाई आणि हात हलवत परत येई. मिळाला तरी फोटो काढून मासा सोडायचाच होता. शाकाहारी घरात शिजवणार कोण?

ह्या खेपेला सासरे बरोबर आले. वादिराजअप्पा मळमड्डीत राहत. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी भूगोल शिकवला, फळ्यावर अरबी समुद्र हजारदा काढला, पण चारी बाजूंना नुसतं पाणी कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला होता. निघताना दीपश्रीने नवऱ्याला एवढंच बजावलं, "अप्पांना नेतोयस तसेच परत आण." उमेशने मोठ्या हुशारीने कॅलेंडरही पाहून ठेवलं होतं. एकादशी शुक्रवारी. म्हणून समुद्रात जायचं शनिवारी.

आता भर दुपार होती. बोटीवर नावापुरती ताडपत्री. रीळ करकरत होतं, रॉड वाकला होता आणि उमेशचे दंड भरून आले होते.

"अप्पा, घोटभर तरी घ्या की. सकाळची गोळी तरी घेतलीत ना?"

"पाण्याशिवाय गोळी कशी उतरणार? आज हरिदिन आहे उमेशराव, निर्जळ उपवास."

"एकादशी काल झाली!"

"ती तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली. आमच्या मठाच्या पंचांगात आज."

उमेशला आता उलगडा झाला. काल रात्री लॉजवर 'पोट जड आहे' म्हणून अप्पा जेवले नव्हते, ते दशमीचं एकभुक्त होतं तर! म्हणजे काल दुपारपासून अन्न नाही, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, आणि डोक्यावर हे ऊन.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नेलं नसतंत," अप्पा शाळकरी पोरासारखे म्हणाले.

"दमलाय मासा," पुंडलिक सुकाणूवरून ओरडला. "अर्धा तास धरा!"

अर्धा तासच तर, उमेशने मनाला समजावलं. अप्पा बसलेत, बोलतायत. एवढ्यात काय होतंय? असा विचार करणाऱ्या स्वतःची त्याला लाज वाटली, पण हात रिळावरून निघेनात. निळ्या पाण्याखाली एकदा चंदेरी पाठ चमकून गेली. केवढा मोठा होता तो!

"उमेशराव," मागून अप्पांचा जड आवाज आला. "किनारा पश्चिमेलाच ना?"

उमेशने गर्रकन मागे पाहिलं. भूगोलाचा मास्तर, अरबी समुद्रात बसून, किनारा पश्चिमेला म्हणत होता! अप्पांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळ कोरडं ठणठणीत होतं.

त्याने कमरेची सुरी काढली आणि दोरी कापली. रॉड ताडकन सरळ झाला.

"पुंडलिक, मागे फिरव! लवकर!"

किनारा दोन तासांवर होता. फोनला रेंज नव्हती. उमेशने अप्पांना सावलीत आडवं केलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि पाण्याची बाटली ओठांशी नेली. अप्पांनी तोंड फिरवलं. "बेडा. नको."

"अप्पा, पाया पडतो तुमच्या. दीपश्रीला काय तोंड दाखवू मी?" उमेशला रडू आवरेना.

अप्पांची नजर मोकळ्या रॉडवर गेली. "मासा?"

"कापला."

"पाच वर्षं..." अप्पा पुटपुटले. त्यांनी जावयाकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. घोट घोट करत अर्धी बाटली गेली. मागून गोळीही गेली.

तासाभराने अप्पा स्वतःहून बोलले, "पूर्वेला. किनारा पूर्वेला." उमेशच्या जिवात जीव आला. पण लगेच अप्पांनी त्याचा हात धरला. "देवाला काय सांगायचं ते मी बघतो. घरी मात्र अवाक्षर नको. चाळीस वर्षांत एक हरिदिन मोडला नाही आम्ही दोघांनी."

डोंगर दिसू लागले आणि फोन वाजला. सासूबाई, विमलाबाई.

"उमेशराव, पाणी घेतलं का त्यांनी?"

अप्पा हातांनी नको नको म्हणत होते. उमेशला खोटं बोलवेना. "घेतलं, आई. मीच पाजलं."

आता मात्र आपली धडगत नाही, असं उमेशला वाटलं.

"बरं केलंत," विमलाबाईंचा आवाज ओला झाला होता. "शपथ घातली होती हो त्यांनी, म्हणून बोलले नाही. पहाटेपासून देव पाण्यात घालून बसलेय. आता काढते बाहेर."